कॅरेक्टर मेलं की टेबल कसं सांभाळायचं: गेम मास्टरसाठी टप्प्याटप्प्याने

टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट खेळायच्या रोल-प्लेइंग खेळात प्रत्येक खेळाडू एक कॅरेक्टर, म्हणजे गोष्टीतलं पात्र, चालवतो; बाकीचं जग आणि राक्षस चालवतो तो गेम मास्टर, म्हणजे जीएम. बहुतेक जीएमकडून एकच चूक पुन्हा पुन्हा होते. कॅरेक्टर मरतं, टेबल क्षणभर गप्प होतं आणि ती शांतता सहन न होऊन जीएम बोलून टाकतो, "जाऊ दे रे, नवीन बनव." नाहीतर त्याला दया येते आणि तो म्हणतो, "चल, बेशुद्धच होता असं धरू." पहिल्या वाक्याने खेळाडूला वाटतं की आपण इतके महिने जपलेल्या गड्याची इथे कोणाला किंमत नाही. दुसऱ्याने सगळ्या टेबलाला कळतं की इथे कोणीच खरं मरत नाही. मग पुढच्या लढाईत कोणी ढाल उचलत नाही.

आमचं टेबल जळगावात, घराच्या वरच्या खोलीत, रविवारी बसतं. भुसावळ आणि अमळनेरचे खेळाडू रेल्वेने येतात, धुळ्याचा एक जण एसटीने. दोन वर्षांपूर्वी या धुळ्याच्या मित्राचा धनुर्धारी मेला. आठ महिने खेळलेलं कॅरेक्टर होतं. मी "नवीन बनव" म्हणालो आणि लढाई पुढे नेली. तो हसत निघाला. बसमधून त्याचा मेसेज आला: "मन्हा गडी मरी गया, मी आते काय करू?" हा प्रश्न त्याने टेबलावर विचारला नाही, कारण विचारायला मी जागाच ठेवली नव्हती. पुढचे तीन रविवार तो आला नाही. ती जागा कशी ठेवायची, त्यासाठीच हे टप्पे.

नियमांची उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्स या अशाच खेळाच्या पाचव्या आवृत्तीतली, म्हणजे 2014च्या नियमांची आहेत. जानेवारी 2023पासून तिचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोफत मिळतात, त्यामुळे पुस्तक नसेल तरी अडत नाही. दुसरा खेळ खेळत असाल तर आकडे बदलतील, टप्प्यांचा क्रम तोच राहील.

टप्पा 1: पहिल्या सेशनआधीच मरणाबद्दल बोला

हे बोलणं पहिला फासा पडायच्या आधी व्हायला हवं. कोणाचं कॅरेक्टर मरणाच्या दारात पडलेलं असताना "आपल्याकडे मरतात का?" ही चर्चा सुरू झाली, तर प्रत्येक जण आपल्या सोयीचं उत्तर देतो.

सगळ्यांना एकत्र बसवून तीन गोष्टी ठरवा.

पहिली, मरण किती सहज यावं. साधारण तीन पर्याय असतात. फासा सांगेल तेव्हा मरण. किंवा मरण फक्त मोठ्या प्रसंगात, किरकोळ लढाईत हरलं तर कैद, जखम, सामान गेलं इतकंच. किंवा खेळाडू हो म्हणेल तेव्हाच मरण. तिसरा पर्याय निवडणाऱ्याला भित्रा ठरवू नका. फेट नावाच्या खेळात तर खेळाडूला समोरच्याचा फासा पडण्याआधी हार पत्करता येते. मग तो कसा बाहेर पडला हे ठरवण्यात त्याला बोलता येतं, वर फेट पॉइंटही, म्हणजे पुढे वापरता येणारा गुण, मिळतो. मरणाशिवायही हार जड करता येते.

दुसरी गोष्ट, कोणतं मरण टेबलावर नको. इथे नुसतं "काही चालेल" ऐकून पुढे जाऊ नका. आपल्या भागात शेतकरी आत्महत्या ही कोणाच्या तरी घरातली, भावकीतली गोष्ट असते. तापीत, गिरणेत बुडालेला माणूस कोणाचा तरी मामेभाऊ असतो. हायवेवरचा अपघात तसाच. म्हणून मी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देतो. त्यावर नको असलेल्या गोष्टी लिहायच्या, नाव लिहायचं नाही. चिठ्ठ्या मी एकटाच वाचतो आणि त्या गोष्टी खेळात येत नाहीत. कारण विचारत नाही. ही यादी कॅम्पेनभर, म्हणजे ती लांब गोष्ट संपेपर्यंत, माझ्या वहीच्या पहिल्या पानावर असते.

आमच्याकडे दोन चिठ्ठ्यांवर "विष" लिहून आलं होतं. त्या दिवसापासून आमच्या जगातले खलनायक विष वापरत नाहीत, आणि कोणाला त्याची उणीव भासलेली नाही.

तिसरी, थांबवण्याची खूण. जॉन स्टावरोपोलस यांनी मांडलेलं एक्स-कार्ड सोपं आहे. टेबलाच्या मधोमध फुली काढलेला कागद ठेवायचा. कोणीही त्याला हात लावला की तो प्रसंग तिथेच सोडून पुढे जायचं. आमच्याकडे पहिले दोन महिने कोणी हात लावला नाही. तिसऱ्या महिन्यात लावला, आणि तो कागद तिथे असल्याचं मला बरं वाटलं.

*तपासा:* प्रत्येक खेळाडूला एकेकटं विचारा, "तुझं कॅरेक्टर पुढच्या रविवारी मेलं तर?" उत्तर लगेच आलं नाही, तर ठरलेलं सगळं अजून त्याच्यापर्यंत पोचलेलं नाही.

*सावधान:* कोणाच्या घरी नुकतंच कोणी गेलं असेल, तर सुतक संपलं म्हणजे दुःख संपलं असं धरू नका. तो परत आला की बाजूला घेऊन विचारा. माझ्या टेबलावर वडील गेलेल्या एका मुलीने सांगितलं, "लढाई चालेल, पण कोणाच्या बापाचं मरण नको." सहा महिने आम्ही ते पाळलं.

टप्पा 2: शून्य एचपीचे नियम पाठ करा

भांडणं जितकी मरणावरून होतात, तितकीच नियम नीट माहीत नसल्यामुळे होतात. मरणाच्या क्षणी पुस्तक चाळणारा जीएम खेळाडूला आशाही दाखवतो आणि संशयही देतो. पुढचं सगळं एका कागदावर लिहून टेबलाला चिकटवा.

एचपी म्हणजे हिट पॉइंट्स, कॅरेक्टर किती मार सोसू शकतं तो आकडा. एचपी शून्य झाली की कॅरेक्टर बेशुद्ध. त्याच्या दर पाळीच्या सुरुवातीला वीस बाजूंचा फासा टाकायचा. 10 किंवा जास्त म्हणजे यश, कमी म्हणजे अपयश. तीन यशं आधी आली तर प्रकृती स्थिर, तीन अपयशं आधी आली तर मरण. 1 पडला तर दोन अपयशं धरायची. 20 पडला तर 1 एचपी घेऊन शुद्धीवर. कोणी मदतीला आलं नाही आणि कोणी मारलंही नाही, तर अशा प्रसंगात मरणाची शक्यता साधारण 40 टक्के असते. खेळाडूंना ती नेहमी त्याहून कमी वाटते.

आता बहुतेक टेबलांवर विसरला जाणारा भाग. शून्यावर पडलेल्याला मार बसला की एक अपयश. पण बेशुद्ध माणसावर पाच फुटांच्या आतून झालेला आणि लागलेला प्रत्येक वार क्रिटिकल, म्हणजे सगळ्यात जबर, धरतात, आणि क्रिटिकल म्हणजे दोन अपयशं. म्हणजे शेजारी उभ्या असलेल्या एका गॉब्लिन राक्षसाचे दोन वार पुरतात. एका पाळीत दोन वार करणारा राक्षस असेल तर खेळाडूला एकदाही फासा न टाकता मरण येऊ शकतं. तुमचे राक्षस पडलेल्याला मारतात की उभ्या असलेल्याकडे वळतात, हे आधी ठरवा आणि खेळाडूंना सांगा.

दुसरा विसरला जाणारा नियम एकदम मोठ्या माराचा. शून्यावर आल्यावर उरलेला मार कॅरेक्टरच्या कमाल एचपीइतका किंवा जास्त असेल तर जागच्या जागी मरण. कमाल एचपी 12, आत्ता 5, मार 17. पाच शून्य करण्यात गेले, उरले 12. संपलं, फासे टाकायचे नाहीत. वरच्या लेव्हलला हे क्वचित होतं, पण पहिल्या लेव्हलच्या जादूगाराला एक चांगला क्रिटिकल पुरतो. नवीन खेळाडूचा पहिलाच दिवस असा संपू नये म्हणून पहिल्या लेव्हलला हा नियम मी वापरत नाही, आणि वापरत नाही हे आधीच सांगून ठेवतो.

कॉल ऑफ क्थुलू या भयकथांच्या खेळाची सातवी आवृत्ती खेळत असाल तर वेगळं लक्षात ठेवा. तिथे एकाच फटक्यात कमाल एचपीच्या निम्मा किंवा जास्त मार बसला की मेजर वूंड, म्हणजे गंभीर जखम. अशी जखम असताना एचपी शून्य झाली तरच माणूस मरणपंथाला लागतो. तशी जखम नसेल तर नुसता बेशुद्ध.

*तपासा:* कागद एका खेळाडूकडून मोठ्याने वाचून घ्या. "असं कुठे असतं?" हा प्रश्न आत्ता आला तर चांगलं.

टप्पा 3: सामान आणि वेळ

प्रत्येकाकडे एक राखीव कॅरेक्टर हवं. पूर्ण नको, नाव, वर्ग (योद्धा, जादूगार वगैरे) आणि दोन ओळींची ओळख पुरे. ते मी माझ्या फाइलमध्ये ठेवतो, खेळाडूच्या डोळ्यांसमोर नाही.

पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या कॅरेक्टरांच्या टोळीच्या, खजिन्यात हिरा कुठे मिळू शकतो हे आधी ठरवून ठेवा. मेलेल्याला परत आणणाऱ्या रिव्हिव्हिफाय या तिसऱ्या पातळीच्या मंत्राला 300 सोन्याच्या नाण्यांचे हिरे लागतात, ते मंत्रात खर्च होतात आणि मरणानंतर एका मिनिटाच्या आत मंत्र करावा लागतो. क्लेरिकला, म्हणजे देवाच्या कृपेने मंत्र करणाऱ्या कॅरेक्टरला, हा मंत्र स्वतःच्या पाचव्या लेव्हलला मिळतो (मंत्राची पातळी वेगळी मोजतात). पार्टीत क्लेरिक आहे पण हिरा नाही, ही वेळ जीएमच्या निष्काळजीपणामुळे येते.

वेळेचं मात्र अगदी कडक पाळा. आमच्या अमळनेरच्या खेळाडूला संध्याकाळची गाडी पकडावी लागते. एकदा त्याचं कॅरेक्टर त्याने बॅग खांद्याला लावायच्या दहा मिनिटं आधी मेलं. तो दार लावून गेला आणि बाकीचे आम्ही चहा पीत बसलो. आता सेशन संपायला पाऊण तास उरला की मी नवी मोठी लढाई सुरू करत नाही. चालू असलेली लढाई रंगात आलेली असली तरी थांबवून पुढच्या रविवारी उचलतो.

टप्पा 4: मरण येण्याआधी ते दिसू द्या

न सांगता आलेलं मरण खेळाडू विसरत नाही. धोका माहीत असताना स्वतः निवडलेल्या वाटेवर आलेलं मरण तो पुढे वर्षभर अभिमानाने सांगतो. फासा दोन्हीकडे तोच असतो.

म्हणून धोका शब्दांत सांगा. "हा पूल तुझ्या वजनाने तुटेल असं वाटतंय. पडलास तर खाली 60 फूट आहे. जातोस?" एवढं बोलायला पाच सेकंद लागतात. जीएमच्या डोक्यातला धोका खेळाडूला दिसत नाही, हे आपण विसरतो. आपल्याला सातपुड्याचा सुळका डोळ्यांसमोर दिसत असतो, त्याला फक्त आपलं वाक्य ऐकू येतं.

जीएम आपल्यापुढे पडदा, म्हणजे स्क्रीन, उभा करतो; जीवघेणे फासे त्याच्याआड टाकू नका. त्या वेळी स्क्रीन बाजूला करा आणि सगळ्यांसमोर टाका. पडद्यामागे टाकलेल्या फाशाने मारलंत तर खेळाडूच्या मनात कायम राहतं की तुम्ही मारलं.

*सावधान:* उघड टाकलेला फासा मागे घेता येत नाही. त्या मरणाची तुमची तयारी नसेल, तर तो फासा टाकण्याचा प्रसंगच आणू नका.

टप्पा 5: पहिली दोन मिनिटं

तिसरं अपयश पडलं. आता क्रम असा.

1. थांबा. पुढच्या पाळीचं नाव घेऊ नका.

2. नियम एकदाच, मोठ्याने तपासा: "तीन अपयशं. कोणाकडे आत्ता वापरता येईल असं काही आहे का?" हे टेबलाला विचारायचं, मेलेल्या कॅरेक्टरच्या खेळाडूला नाही. मदत निघणार असेल तर ती आत्ताच निघावी. पंधरा मिनिटांनी कोणाला मंत्र आठवला की सगळ्यांची तोंडं कडू होतात.

3. मरण कॅरेक्टरच्या नावाने सांगा. आपण मराठीत सवयीने म्हणतो, "तू मेलास." खेळ चालू असताना हे चालून जातं, या क्षणी नाही. "तुझा धनुर्धारी पडला, आता उठत नाही," असं म्हणा. गचकला, खपला, विकेट गेली हे शब्द जीएमच्या तोंडी येऊ देऊ नका. खेळाडू स्वतः म्हणाला तर म्हणू द्या.

4. शेवट त्याच्या हातात द्या. "शेवटचं काय दिसतंय त्याला? कोणाला काही बोलतो?" मग गप्प बसा, मोबाइल खाली ठेवा. तो म्हणाला "काही नाही", तर "नंतर सुचलं तरी चालेल" म्हणा.

5. चहा. दहा मिनिटं. खरंच उठा.

लढाई अर्धवट असताना चहाला उठणं अनेकांना चुकीचं वाटतं. ताण तुटतो म्हणतात. तुटू द्या. उरलेली लढाई दहा मिनिटांनी तशीच असेल, खेळाडू मात्र तोच राहील असं नाही.

घरात खेळत असाल तर एक साधी गोष्ट. दिवेलागणीला वरून "मेला, मेला!" असा ओरडा आला की खाली देवासमोर बसलेल्या आजीला ते लागतं. तिला आधी जाऊन सांगा की पोरं काय खेळतात. आमच्या आजीने एकदा वर येऊन सगळा खेळ पाहिला. तेव्हापासून ती कोण वाचलं ते विचारते.

टप्पा 6: खेळाडू कसा वागतोय ते ओळखा

चहाच्या दहा मिनिटांत तुमचं खरं काम हेच. कॅरेक्टर मेल्यावर माणसं सारखी वागत नाहीत, आणि सगळ्यांना एकच औषध देणं ही दुसरी मोठी चूक.

*जो हसतो.* तो ठीक आहे असं लगेच समजू नका. काही जण खरंच मजेत असतात. त्यांना मरण म्हणजे गोष्टीतलं चांगलं वळण वाटतं, आणि ते त्याच दमात नव्या कॅरेक्टरबद्दल बोलू लागतात. पण काही जण चारचौघांत डोळे भरू नयेत म्हणून हसतात. फरक कॅरेक्टर शीटवरून, म्हणजे कॅरेक्टरची माहिती लिहिलेल्या कागदावरून, कळतो. पहिल्याने ती बाजूला सारलेली असते. दुसऱ्याचा हात अजून तिच्यावर असतो. धुळ्याचा माझा मित्र हसत होता, आणि त्याने शीटची घडी करून खिशात ठेवली होती. मी ते पाहिलं होतं आणि त्याचा अर्थ लावला नव्हता.

*जो गप्प होतो.* त्याला सगळ्यांसमोर "बरं वाटतंय ना?" विचारू नका. त्या प्रश्नाला "हो" शिवाय उत्तर देता येत नाही. कप धुवायला किंवा दूध आणायला बरोबर न्या. हात कामात असले की माणूस बोलतो. बोलला नाही तरी हरकत नाही, बरोबर चालणं पुरतं.

*जो नियमांवर भांडतो.* "तो वार लागलाच नसता, माझी एसी 17 होती." (एसी म्हणजे वार लागायला समोरच्याला गाठावा लागतो तो आकडा.) बऱ्याचदा त्याला नियमाची काळजी नसते, दुःखाला धरायला काहीतरी हवं असतं. तरी मुद्दा खरा असू शकतो, म्हणून तपासा, एकदाच, त्याच्यासमोर. चूक तुमची निघाली तर लगेच मान्य करा आणि मरण मागे घ्या. लाजू नका. चूक नसेल तर शांतपणे सांगा, "नियम बरोबर आहे, आणि मलाही वाईट वाटतंय." या वाक्याचा दुसरा अर्धा भाग जीएम विसरतात.

*जो दुसऱ्याला दोष देतो.* "तू पळाला नसतास तर!" हे सगळ्यात लवकर चिघळतं, कारण टेबलावरचे लोक कॉलेजचे मित्र असतात, भाऊ असतात, एका गल्लीतले असतात. भांडण कॅरेक्टरांचं म्हणून सुरू होतं आणि घरापर्यंत जातं. तिथे मधे पडा. पळालेल्या खेळाडूला आधी बोलू द्या: "तुझ्या कॅरेक्टरला त्या क्षणी काय वाटलं?" तो बहुतेक सांगतो की त्याच्याकडे 3 एचपी होत्या. दोष देणाऱ्याला ते माहीत नसतं.

*जो मरणाची वाटच पाहत होता.* महिनाभर आततायी धावणारं, दर दारावर लाथ मारणारं कॅरेक्टर मेलं आणि खेळाडूचा चेहरा खुलला, तर समजा की त्याला त्या कॅरेक्टरचा कंटाळा आला होता आणि सांगता येत नव्हतं. यावर उपाय मरणानंतर नाही, आधी आहे. दर दोन महिन्यांनी सगळ्यांना विचारा, "कोणाला कॅरेक्टर बदलायचंय?" गाव सोडून जाणारं कॅरेक्टरही गोष्टीत शोभतं.

*जो रडतो.* लहान खेळाडू तर रडतातच, मोठेही रडतात. एक चाळिशीतले काका, आमच्या टेबलावरचे सगळ्यात मोठे, आपल्या म्हाताऱ्या योद्ध्यासाठी रडले. कोणी काही बोललं नाही, कोणी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. ते पुरेसं होतं. "खेळच आहे काका" असं कोणी म्हणालं असतं तर काका परत आले नसते असं मला वाटतं.

*सावधान:* दुःख खेळाच्या मानाने फार मोठं दिसलं, तर ते खेळाचं नसेल. त्या दिवशी खेळ थांबवा आणि मित्र म्हणून त्याच्यासोबत घरापर्यंत जा.

टप्पा 7: उरलेल्या वेळात त्याला काम द्या

दोन तास नुसतं बघत बसणं ही शिक्षाच. लढाईतले राक्षस त्याच्या हातात द्या. पार्टीतल्या एखाद्या नोकराचं, मार्गदर्शकाचं बोलणं त्याला करू द्या. मित्रांवर हल्ला करणं जिवावर येत असेल तर इनिशिएटिव्हची, म्हणजे पाळ्यांच्या क्रमाची, वही द्या. आणि घरी जायचं असेल तर जाऊ द्या, पण "पुढच्या रविवारी येतोयस ना?" दारात विचारू नका. त्याचं उत्तर द्यायची ही वेळ नाही.

टप्पा 8: प्रेत, सामान आणि निरोप

लढाई संपल्याबरोबर एक जण विचारतो, "त्याची जादूची तलवार कोण घेणार?" हा प्रश्न त्या सेशनमध्ये नको. आमच्याकडे नियम आहे: मेलेल्याचं सामान पुढच्या सेशनपर्यंत कोणी वाटायचं नाही, आणि एक वस्तू कोणाकडे जावी हे मेलेल्या कॅरेक्टरचा खेळाडू सांगतो.

निरोप कसा द्यायचा ते टेबलाने ठरवावं. आमच्या जगातली गावं खानदेशासारखी आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आपल्याकडे घरोघरी पितरांसाठी घागर भरतात. एकदा मरणानंतर खेळातली आखाजी आली, आणि एका मुलीने आपल्या कॅरेक्टरकडून धनुर्धाऱ्यासाठी घागर भरायचं ठरवलं. करण्याआधी तिने टेबलाला विचारलं, "चालेल का?" हे विचारणं गरजेचं आहे. खऱ्या घरातले विधी खेळात आणले की कोणाला ते जवळचे वाटतात, कोणाला खटकतात. एकानेही नकाराची मान हलवली तर दुसरा मार्ग काढा: चिता, दगडांचा ढीग, गावच्या चावडीवर नाव.

टप्पा 9: दुसऱ्या दिवशी फोन

मेसेज नाही, फोन. सोमवारी संध्याकाळी, कामावरून सुटल्यावर. तीनच गोष्टी बोला. काल कसं वाटलं? तुला ते मरण बरोबर वाटलं का? पुढे काय हवं: परत आणायचं, नवीन घ्यायचं, की थोडे दिवस थांबायचं? तिसरा पर्याय खरंच द्या.

ज्याने टेबलावर काही म्हटलं नाही, तो फोनवर म्हणतो. त्यात तुमच्याबद्दल तक्रार असेल तर ऐका, सफाई देऊ नका. मला ऐकावं लागलं, "भो, तू माझ्याकडे बघितलंही नाहीस." ते खरं होतं.

टप्पा 10: परत आणायचं असेल तर

परत आणणं फुकट असू नये, पण शिक्षाही असू नये. रेज डेड हा पाचव्या पातळीचा मंत्र. 500 नाण्यांचा हिरा लागतो, मरणाला दहा दिवसांहून जास्त झालेले चालत नाहीत, आणि शरीर हवं, कारण जगायला आवश्यक असा अवयव नसेल तर मंत्र चालत नाही. परतलेल्याला हल्ला, सेव्हिंग थ्रो (संकटातून वाचण्याचा फासा) आणि अॅबिलिटी चेकवर (काही करून पाहण्याचा फासा) उणे 4 लागतो आणि प्रत्येक लाँग रेस्टनंतर, म्हणजे लांब विश्रांतीनंतर, तो एकने कमी होतो. रेझरेक्शन सातव्या पातळीचा, हिरा 1000 नाण्यांचा, मुदत शंभर वर्षांपर्यंत.

खालच्या लेव्हलच्या पार्टीला हे मंत्र करता येत नाहीत. मग मंदिरातला पुजारी करतो आणि मोबदल्यात काम मागतो. ते काम सगळ्या पार्टीचं असू द्या.

*तपासा:* आत्मा राजी नसेल तर हे मंत्र चालत नाहीत. म्हणजे खेळाडूला आधी विचारायचं. मित्रांनी प्रेमाने हिरा आणला आणि खेळाडूला मात्र तो शेवट आवडला होता, असं आमच्याकडे घडलं. हिरा विकून त्यांनी गावात विहीर बांधली.

टप्पा 11: नवीन कॅरेक्टर आणताना

लेव्हल पार्टीइतकीच द्या. नव्याला पहिल्या लेव्हलवर टाकलं तर खेळाडूला दोनदा हरवल्यासारखं होतं, आणि कमी एचपीमुळे ते कॅरेक्टर पुन्हा लवकर मरतं.

त्याच सेशनमध्ये घुसवू नका, निदान एक रात्र जाऊ द्या. "मेलेल्याचा जुळा भाऊ, तेच धनुष्य, तेच बोलणं" असं खेळाडू मागेल. नाही म्हणू नका, पण विचारा: या भावाला काय वेगळं हवंय? उत्तर आलं तर ते नवीन कॅरेक्टर आहे, चालेल. नाही आलं तर खेळाडूला अजून वेळ हवा आहे.

पार्टीशी जोडणारी एक ओळ तयार ठेवा: कोणाचं देणं, कोणाचं नातं, कोणाचा निरोप. जुन्या कॅरेक्टरच्या आठवणी लगेच बंद करू नका, आणि नव्याला दर वाक्यात त्यांच्याशी मोजूही देऊ नका. पहिल्या दोन सेशनमध्ये नव्याला एखादी गोष्ट अशी द्या जी फक्त त्यालाच जमते: कुलूप, भाषा, वाट.

सगळी पार्टी एकदम मेली तर हे टप्पे तसेच लागत नाहीत, कारण राक्षस चालवायला कोणी उरत नाही आणि दोष द्यायला सगळेच असतात. त्या दिवशी तिथेच थांबा, एकत्र जेवा, आणि नवीन कॅम्पेन की याच जगात पुढची पिढी, हे पुढच्या रविवारी विचारा.

मेलेल्या कॅरेक्टरची शीट फाडू नका. आमच्याकडे ती पाकिटात घालून खेळाडूला देतो, वर कोणत्या सेशनपासून कोणत्या सेशनपर्यंत ते लिहून. धुळ्याच्या मित्राला मी ते पाकीट चौथ्या रविवारी दिलं, घडी पडलेली शीट त्याच्याकडून मागून घेऊन. त्याने ते दप्तरात ठेवलं आणि दुसऱ्या कप्प्यातून नवी शीट काढली. सातपुड्यातला वाटाड्या, धनुष्य नाही, 31 एचपी.